आईची मनीऑर्डर बंद झाली त्याची गोष्ट

आमच्या जुन्या घराच्या दाराला हलक्या लाकडाची चौकट होती आणि तिच्या डाव्या अंगाला, आतल्या बाजूनं, जांभळ्या डागांची एक रांग होती. बाहेरच्या माणसाला वाटायचं पोरांनी शाई सांडली असेल. ते आईचे अंगठे होते. पोस्टमन मनीऑर्डर घेऊन यायचा, आई डोक्यावरून पदर घेऊन ओटीवर बसायची, तो तिचा अंगठा धरून आधी पॅडवर आणि मग कागदावर दाबायचा, आणि पैसे पदराच्या गाठीत गेले की आई आत येऊन पहिलं काम करायची ते अंगठा चौकटीला पुसायचं. पदराला पुसला तर डाग जात नाही आणि भिंत सारवलेली, म्हणून चौकट. एकदा पुसला तिथं पुन्हा पुसायची नाही, त्याच्या खाली पुसायची. का, ते तिला विचारून उपयोग नव्हता. माझ्या आईची बरीचशी कामं अशीच असत. ती बरोबर करायची, पण कारण सांगायची नाही.

ही मनीऑर्डर सरकारची होती. माझे बाबा मिठागरात कामाला होते. नवं शहर बसवायचं म्हणून मिठागरावर मातीची भरणी सुरू झाली, दिवसभर डंपरची घरघर कानात बसली, आणि आमच्या गावातल्या मिठागरवाल्या माणसांचे हात रिकामे झाले. बाबा मग दुसऱ्याच्या होडीवर जायला लागले. एका पावसाळ्यात ताप आला आणि आठ दिवसांत ते गेले. मागे राहिलो आई, मी आणि माझी धाकटी बहीण सुमन. निराधार विधवांना महिन्याला काही पैसे द्यायची योजना तेव्हा नवीनच निघाली होती. गावात तिची माहिती कुणालाच नव्हती. आमच्या गावचा तलाठी मात्र भला माणूस. साताऱ्याकडचा, उंच, पांढरा लेंगा घालणारा. सगळं गाव त्यांना भाऊसाहेब म्हणायचं. ते आपण होऊन घरी आले, ओटीवर मांडी घालून बसले, गुडघ्यावर फाईल ठेवून त्यांनी आईचा अर्ज स्वतःच्या हातानं लिहिला, आणि उठताना फक्त पाणी प्याले. हे आई कधीच विसरली नाही, आणि पुढचं सगळं रामायण तिच्या या न विसरण्यामुळेच घडलं.

मनीऑर्डरीवर घर चालत नव्हतं, पण मनीऑर्डरीमुळे घर कोसळत नव्हतं. बाकीचं आई जवल्यावर भागवायची. जवला म्हणजे ती बारीक सुकी कोलंबी, पोत्यानं यायची. दुसऱ्यांचा जवला निवडून द्यायचा आणि त्यातला वाटा घ्यायचा, हे तिचं काम. शाळेतून आलो की मी आणि सुमन तिच्यासमोर सुपं घेऊन बसायचो. जवल्यात काय काय निघे. शिंपल्यांचे तुकडे, गवताच्या काड्या, काटे, कधी जाळ्याच्या दोरीचा धागा. आई म्हणायची, “नुसती डोल्यानं बगू नुको, उजेडाला धर.” सूप दाराच्या उजेडाकडे तिरपं धरून हळूच हलवायचं, की जे जवला नाही ते आपोआप वेगळं दिसायचं. त्या वासानं माझी पुस्तकं, माझे कपडे, माझे केस भरलेले असत. ठाण्याच्या शाळेतल्या मुली माझ्याशेजारी बसायला कुरकुरत. मी त्यांना काही बोलायची नाही, पण परीक्षेच्या निकालाच्या दिवशी त्यांच्याकडे वळून बघायची. खोटं कशाला बोलू, त्यात मला फार मजा यायची.

दहावी झाले, वर्षभर घरी बसले, आणि मग रबाळ्याच्या औषधांच्या एका कंपनीत पॅकिंगला मुली घेतायत असं कळलं. आमच्या घरापासून शेतांच्या बांधानं चालत अर्धा तास. सकाळचा तिचा भोंगा आम्हाला अंथरुणात ऐकू यायचा. गेटवर शंभरेक मुली होत्या, बऱ्याच ठाण्याच्या, नेटक्या साड्यांतल्या. मी पायाला चिखल लावून पोचलेली. आत सुपरवायझर बाईंनी एक परीक्षा घेतली. इंजेक्शनच्या काचेच्या कुप्या असतात ना, औषध भरून तोंड बंद केलेल्या, तशा कुप्यांचा ट्रे दिला. समोर एक दिवा, त्याच्यामागे अर्धी काळी आणि अर्धी पांढरी पाटी. कुपी मानेला धरून उलटी करायची आणि आत काचेचा कण किंवा धागा दिसतो का बघायचं. काळ्यावर काच चमकते, पांढऱ्यावर धागा दिसतो. बाईंनी मुद्दाम काही खराब कुप्या त्यात मिसळल्या होत्या. मी दिव्यासमोर बसले आणि मला हसूच आलं. हे तर सूप होतं. मी सगळ्या खराब कुप्या काढल्या, वर बाईंनी चांगली म्हणून ठेवलेली एक कुपीही काढली. त्यांनी ती दिव्यासमोर धरली, चष्मा वर केला, पुन्हा धरली आणि विचारलं, “आधी कुठं काम केलंय?” मी म्हटलं, “घरी. जवला निवडते.” त्यांना काही कळलं नाही. पण मला कामावर घेतलं.

पहिला पगार झाला तो दिवस माझ्या आयुष्यातल्या चार-पाच मोठ्या दिवसांतला आहे. पाकीट न फोडता मी आईच्या हातात दिलं. तिनं ते देवाच्या फळीवर ठेवलं, हात जोडले, आणि थोड्या वेळानं त्यातल्या काही नोटा काढून मला म्हणाली, “जा, ठान्याशी पेढं आन.” आमच्याकडे एक रीत आहे. नवीन जाळं पहिल्यांदा पाण्यात गेलं, की त्याची पहिली मासळी विकत नाहीत. अडीअडचणीला ज्या ज्या घरांनी हात लावला, त्या त्या घरी पहिला वाटा जातो. मी मुलगी, मला जाळं नाही. पण आईच्या हिशेबी माझा पगार म्हणजे घरात आलेली पहिली मासळीच होती. ती नवं लुगडं नेसली, केसांत अबोली माळली आणि बाबांच्या मागे ज्यांनी ज्यांनी काही केलं होतं त्या दारांवर मला घेऊन फिरली. सुईणीकडे, दुकानदाराकडे, बाबांच्या होडीवाल्याकडे, पोस्टमन रस्त्यात भेटला त्याला. प्रत्येक ठिकाणी एकच वाक्य. “माजी वच्छी कंपनीन लागली.” मी मागे डबा धरून उभी, लाजेनं अर्धी आणि आनंदानं अर्धी. आणि सगळ्यात शेवटी, उरलेले सगळ्यात मोठे पेढे घेऊन, ती चावडीवर भाऊसाहेबांकडे गेली.

भाऊसाहेबांनी पेढा हातात घेतला, पण तोंडात घातला नाही. आईकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि शिपायाला काहीतरी आणायला बाहेर धाडलं. मग हळू आवाजात म्हणाले, “जनाबाई, हा पेढा तुम्ही मला द्यायला नको होता.”

आईला वाटलं त्यांना गोड चालत नाही. ती म्हणाली, “मंग घरी न्या, पोरांना द्या.”

“तसं नव्हं,” ते म्हणाले. “घरात वयात आलेलं लेकरू कमवायला लागलं, की निराधारचे पैसे बंद होतात. नियम आहे. मला कळलं की मला लिहावं लागतं.”

मी डब्याचं झाकण लावलं, एवढं आठवतं. भाऊसाहेबांनी थोडा वेळ पेढ्याकडे पाहिलं आणि मग स्वतःच वाट काढली. म्हणाले, पुढच्या महिन्यात तपासणी आहे, त्यांच्या वरचे सर्कल साहेब येणार, सगळ्या बायकांना एकेक करून विचारणार. “पण विचारायची आमची पद्धत काय, तर मुलगा कमावता आहे का. तुम्हाला मुलगाच नाही. तुम्ही नाही म्हणायचं. त्यात खोटं काहीच नाही. मुलीचं काय, आज आहे, उद्या लग्न होऊन जाईल. मुलीचं कोण धरतंय.” आणि एवढं बोलून झाल्यावर त्यांनी तो पेढा खाल्ला.

मी आनंदले होते. हे मला आज लिहितानाही सांगायला हवं, कारण पुढं मी आईच्या गोष्टी सांगत सुटते तेव्हा ऐकणाऱ्याला वाटतं मीही तिच्याच बाजूला होते. मी नव्हते. मला कंपनीतली गोष्ट ठाऊक होती. आम्ही नव्या मुली टेंपररी होतो. सहा महिने भरायच्या आत ब्रेक देत आणि ब्रेकनंतर कुणाला परत बोलावतील, कुणाला नाही, याचा भरवसा नव्हता. माझं काम गेलं आणि मनीऑर्डरही गेली, तर सुमनची शाळा सुटणार, हे मला सरळ दिसत होतं. दामाकाका, म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ, हेच म्हणत होते. ते रोज संध्याकाळी ओटीवर येऊन आईला पढवायचे. “वैनी, साहेब इचारील पोरगा हाय का. तू बोल नाय. खलास. आजून येक शबूद नाय बोलाचा.” आई सुपातला जवला उजेडाला धरून निवडत राहायची. “पोरगी काय, परक्याचं धन,” काका पुढं म्हणायचे, आणि मी आतून मान हलवायची. माझं स्वतःचं नाव पुसण्याला मी मान हलवत होते, हे तेव्हा माझ्या डोक्यातही आलं नाही.

तपासणीच्या दिवशी मी दुसरी पाळी मागून घेतली आणि कागद वाचायला म्हणून आईबरोबर गेले. चावडीत पंधरा-वीस बायका भिंतीला टेकून बसल्या होत्या. टेबलामागे सर्कल साहेब, जाडजूड, घामानं भिजलेले. शेजारी भाऊसाहेब कागद पुढे सरकवायचे. शिपाई दारात उभा राहून नाव पुकारायचा आणि प्रत्येक नावाआधी “निराधार” म्हणायचा. त्याला वाटायचं तसं म्हणायचंच असतं. एकेक बाई उठे, साहेब कागदावरून डोकं न उचलता विचारत, “मुलगा कमावता?” बाई म्हणे, “नाय.” अंगठा. पुढची. ज्यांचे मुलगे खरोखर कमावत होते, त्याही नाय म्हणाल्या. मी त्यांना नावं ठेवत नाही. ज्या घराला आधार नाही त्या घरातल्या बाईनं काय बोलावं, हे पंख्याखाली बसणाऱ्यानं सांगू नये.

“निराधार जनाबाय,” शिपाई ओरडला. आई उठली. पदर सारखा केला.

“मुलगा कमावता?”

“पोरगा नाय,” आई म्हणाली. माझा जीव भांड्यात पडला. भाऊसाहेबांनी पॅड पुढे केलं. साहेबांनी पान उलटलं. आईचा अंगठा मात्र पुढे आला नाही.

“पोरगा नाय, पोरगी हाय,” ती म्हणाली. “वच्छला तिजं नाव. रबाल्याच्या कंपनीन कामाला जाते. पगार माज्या हातान देते. लिवा.”

साहेबांनी पहिल्यांदा मान वर केली. भाऊसाहेब घाईनं म्हणाले, “साहेब, मुलगी अविवाहित आहे, लग्नाचं चाललंय, ते धरायचं नसतं.” आई त्यांच्याकडे वळली. फार मऊपणानं बोलली ती. “भाऊसायब, तुमचं उपकार हायेत. पन माजी पोरगी घर चालवते आनि तुमचा कागद बोलतो घरान कोनी नाय. तो कागद सुदारा.”

साहेबांनी पेन खाली ठेवलं. “बाई, पैसे बंद होतील. कळतंय ना तुम्हाला?”

“कलतंय,” आई म्हणाली. “मालक गेलं तवा कोनी नव्हता, तवा तुमी दिलं. आता हाय.”

मग तिनं अंगठा दिला. साहेबांनी माझं नाव विचारलं, पूर्ण नाव, आणि लिहिलं. बाबांचं नाव, आडनाव, वय, कंपनी. सरकारी कागदावर माझं नाव शाळेच्या दाखल्यानंतर पहिल्यांदाच लागत होतं आणि मला त्याचा नुसता राग येत होता.

आम्ही घरी आलो. आईनं आत येऊन अंगठा चौकटीला पुसला, रांगेतल्या सगळ्यात खालच्या डागाखाली, आणि मी फुटले. काय काय बोलले ते सगळं लिहीत नाही. शेवटी म्हणाले, “तुला कोनी इचारलं व्हतं माज्याबद्दल?”

आई चुलीपुढे बसली होती. तिनं मागे न बघता उत्तर दिलं. “इचारलं नव्हतं, म्हनून तं सांगलं.”

त्या दिवशी चिंबोऱ्यांचं, म्हणजे खेकड्यांचं, कालवण होतं, तांदळाची भाकरी होती, माझं सगळ्यात आवडतं जेवण. मी जेवले नाही. डबा न घेता पाळीला गेले. सुमन मागून बांधापर्यंत डबा घेऊन धावत आली आणि मी तोही परत पाठवला. आईवर रागावून उपाशी राहिलेल्या पोरींत मी काही पहिली नव्हे, पण इतक्या चांगल्या कालवणावर रुसणारी बहुधा मीच.

दामाकाकांनी पंधरा दिवस आमच्या ओटीवर पाय ठेवला नाही. पुढच्या महिन्यात पोस्टमन आमच्या दारावरून सायकल हळू करून गेला. आईनं त्याला हाक मारली, चहा दिला, वर मूठभर जवला बांधून दिला. म्हणाली, “मनीऑर्डर नाय तं काय, तुजं येनं बंद झालं काय?” तो पुढं कितीतरी वर्षं, बदली होईपर्यंत, महिन्यातून एकदा चहाला येत राहिला.

आणि जे मी म्हणत होते तेच झालं. सहा महिने भरायच्या आधी आम्हा सगळ्या नव्या मुलींना ब्रेक दिला. मी घरी आले ते मनात शब्द जुळवत, की आता आईला ऐकवायचं. आईनं माझ्याकडे नुसतं पाहिलं आणि ओळखलं. दुसऱ्या दिवशी पहाटे ती डोक्यावर टोपली घेऊन निघाली. दुसऱ्यांचा जवला निवडायचा सोडून तिनं तो उधारीवर उचलला आणि वाशीच्या नव्या बिल्डिंगांतून विकायला सुरुवात केली. तिथल्या बायका जिन्यात वास येतो म्हणून तिला खालीच थांबवत. ती खाली उभी राहून हाक द्यायची. महिना गेला, वर थोडे दिवस गेले. या सगळ्या काळात तिनं एकदाही चावडीचं नाव काढलं नाही, आणि तिची टाच फुटलेली बघून मीही जुळवलेले शब्द गिळले. सुमनची शाळा एक दिवस चुकली नाही. त्या दिवसांत मला माझ्या आईचा अभिमान वाटायला लागला. तोवर मला तिची माया वाटायची, राग यायचा, कीव यायची. अभिमान ही गोष्ट वेगळी, ती मला तेव्हा कळली.

मग एका सकाळी कंपनीचा शिपाई सायकलवरून पत्ता विचारत आला. नव्या घेतलेल्या मुलींच्या हातून खराब कुप्या पुढे जात होत्या आणि सुपरवायझर बाईंनी सांगितलं होतं, ती जवलावाली मुलगी बोलावून आणा. मी गेले. वर्षभरात मी परमनंट झाले. त्याचं पत्र आईनं मला तीनदा वाचायला लावलं आणि बाबांच्या फोटोमागे खोचून ठेवलं. सुमन शिकली, शिक्षिका झाली. मी त्या कंपनीत दिव्यासमोर बसले, मग त्या टेबलाची सुपरवायझर झाले, मग खात्याची. लग्न केलं ते याच भागातल्या माणसाशी, आणि पगार लग्नाआधीच सांगून ठेवलेल्या अटीनं अर्धा आईकडे जात राहिला. भाऊसाहेब माझ्या लग्नाला आले होते. आईला म्हणाले, “जनाबाई, इतक्या वर्षांच्या नोकरीत, बंद करा म्हणून सांगायला आलेली तुम्ही एकटीच.” आईनं त्यांच्या ताटात आणखी एक जिलेबी वाढली.

ते घर आता नाही. चौकट मी मागून घेणार होते, पण जुनं घर पाडलं त्या दिवशी मी पोचेपर्यंत ती ट्रकमध्ये गेली होती. त्याची हळहळ अजून आहे. आई शेवटची काही वर्षं माझ्याकडे ऐरोलीला राहिली. आमच्या गॅलरीतून माझा मुलगा जिथं कामाला जातो ती काचेची इमारत दिसते, आणि आई तिकडं बघून विचारायची की एवढी काच कोण तपासतं.

ती जायच्या आधी काही महिने, कसल्याशा सरकारी पाहणीसाठी एक मुलगी घरी आली. हातात मोबाईल, गळ्यात ओळखपत्र. माणसं किती, वय किती, आजार काय, असं विचारत होती. मी पाणी आणायला आत गेले होते. बाहेर येते तो ती आईसमोर वाकून मोठ्यानं विचारत होती, “आजी, घरात कमावतं कोण?”

मी कामावरून निवृत्त होऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. घर माझ्या मुलाच्या पगारावर चाललं होतं, आणि आईला ते चांगलं ठाऊक होतं. तिनं पदर सारखा केला आणि माझ्याकडे बोट दाखवलं.

“ही,” ती म्हणाली. “माजी पोरगी. वच्छला तिजं नाव. लिव.”

त्या मुलीनं खात्री करायला माझ्याकडे बघितलं. मी पाण्याचा पेला तिच्या हातात दिला आणि माझं पूर्ण नाव सांगितलं.